आधणाचे अंश

पुण्यास माझे एक स्नेही राहतात. पेशानें ते हिशेबनीस. आंकडा जुळला नाहीं कीं त्यांस रात्रीं झोंप येत नाहीं. गेल्या वर्षीं त्यांच्या मुलानें जपानहून हिरव्या चहाची एक डबी आणि तिच्यासोबत स्वयंपाकघरांत वापरावयाचा एक लहानसा थर्मामीटर त्यांस पाठविला. या चहाला पाणी सत्तर अंशांहून अधिक तापलेलें नसावें, अशी सूचना डबीवर होती. आमच्या हिशेबनीसांनीं चहा करण्यापूर्वीं यंत्राचीच परीक्षा घ्यावयाचें ठरविलें. पातेल्यांत पाणी खळखळां उकळूं दिलें, थर्मामीटरची सळई आंत बुडविली आणि पाहतात तों आंकडा अठ्ठ्याण्णवावर जाऊन थांबलेला. पाणी आटून अर्धें झालें, तरी तो कांहीं शंभराला पोंचेना. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बाजारांतून निराळ्या कारखान्याचा थर्मामीटर विकत आणला. तोहि अठ्ठ्याण्णवच सांगूं लागला. त्यांच्या वृद्ध मातोश्री दारांत उभ्या राहून हा प्रकार पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आधण केव्हांच आलं. आतां त्याला आणखी काय विचारतोस?"

ही हकीकत त्यांनीं मला तक्रारीच्या सुरांत सांगितली. दोन यंत्रें, दोन निरनिराळ्या कारखान्यांचीं, आणि दोघांची चूक मात्र तंतोतंत सारखी, असें कसें व्हावें? या प्रश्नाचें उत्तर पुढें ओघानें येईल. परंतु तें शोधीत असतां माझ्या ध्यानांत असें आलें कीं, चहाच्या पाण्यास "तूं किती तापलें आहेस?" असें विचारण्याचा उद्योग फार जुना आहे. थर्मामीटर जन्मास येण्यापूर्वीं आठशेंहून अधिक वर्षें तो चालू होता. ज्यांनीं तो डोळ्यांनीं व कानांनीं केला ते, आणि ज्यांनीं पुढें तो पाऱ्यानें केला ते, असे दोन वर्ग आपण मानतों. पहिला वर्ग रसिकांचा, दुसरा शास्त्रज्ञांचा. परंतु इतिहास पाहूं गेल्यास हे दोन्ही वर्ग एकाच अडचणीपाशीं येऊन थबकलेले दिसतात. ती अडचण अशी कीं, पाणी "उकळलें" असें नक्की केव्हां म्हणावयाचें?

आपल्या मराठी स्वयंपाकघरांत या अडचणीची जाणीव शब्दांतून उमटलेली आहे. पाणी कोमट असतें, ऊन असतें, कढत असतें आणि मग त्याला आधण येतें. बोट बुडवून पाहावयाचें तें कोमट, बोट चटकन् मागें घ्यावें लागतें तें कढत. या पायऱ्यांवर अंश लिहिलेले नाहींत. पण घरांतील कोणीहि मनुष्य एका पायरीला दुसरी म्हणत नाहीं. अशाच पायऱ्या चहाच्या जन्मभूमींत एका ग्रंथकारानें प्रथम बारकाईनें लिहून ठेवल्या.

त्याचें नांव लू यू. जन्म इ. स. ७३३, मृत्यु ८०४. म्हणजे चीनमधील तांग राजवंशाचा काळ. हा लहानपणीं अनाथ म्हणून एका बौद्ध मठांत वाढला, तेथील शिस्तीला कंटाळून पळाला आणि एका नाटकमंडळींत शिरला. (मठांतून नाटकांत आणि नाटकांतून चहांत, हा प्रवास आपल्याकडील कित्येकांस परका वाटूं नये.) इ. स. ७६० ते ७८० च्या सुमारास त्यानें "चा चिंग" हा ग्रंथ रचला. चीनमध्यें "चिंग" हा शब्द धर्मग्रंथांस आणि सूत्रांस लावतात; तेव्हां ग्रंथाच्या नांवाचें मराठी "चहा-सूत्र" असें करण्यास हरकत नाहीं. यांत दहा प्रकरणें असून पांचवें प्रकरण चहा कसा उकळावा यासंबंधीं आहे. जळणास कोळसा उत्तम. पाणी डोंगरांतल्या झऱ्याचें उत्तम, नदीचें मध्यम, विहिरीचें कनिष्ठ, हें सांगून झाल्यावर तो उकळीकडे वळतो.

लू यू उकळीचे तीन टप्पे मानतो. पहिल्या टप्प्यांत पाण्यांत माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे दिसतात व बारीकसा आवाज होतो. दुसऱ्यांत भांड्याच्या कडेनें झरा फुटावा तसे बुडबुडे ओळीनें वर येऊं लागतात, जणूं मोत्यांचा सर. तिसऱ्यांत लाटा उसळाव्या तसें पाणी उसळतें. यापुढें पाणी "म्हातारें" झालें असें तो समजतो आणि तें पिऊं नये असें बजावतो. हे टप्पे त्यानें कृतीसाठीं सांगितले आहेत, हें येथें ध्यानांत ठेवावें. पहिल्या उकळीला पाण्यांत मीठ घालावयाचें. दुसऱ्या उकळीला एक पळी पाणी बाजूस काढून ठेवावयाचें, उरलेलें पाणी बांबूच्या चिमट्यानें घुसळून मधोमध भोंवरा करावयाचा आणि त्यांत मोजून घेतलेली चहाची पूड सोडावयाची. पाणी फार उसळूं लागलें कीं ती बाजूची पळी परत ओतून त्याला शांत करावयाचें, म्हणजे वरचा फेंस मोडत नाहीं. आपल्याकडे दूध उतूं जाऊं लागलें कीं पाण्याचा शिंतोडा मारतात, त्यांतलीच ही युक्ति. थर्मामीटर नसतांना त्यानें पाण्याची उष्णता वाढतांना ओळखली, एवढेंच नव्हे तर ती हवी तेव्हां दोन-चार अंशांनीं खालीं आणण्याचें साधनहि हातांत ठेवलें.

बुडबुड्यांच्या या भाषेंत तथ्य किती? पुष्कळ आहे. अगदीं प्रारंभीचे लहान बुडबुडे वाफेचे नसतातच. पाण्यांत विरघळलेली हवा तापल्यामुळें बाहेर पडते, तिचे ते असतात. खरे वाफेचे बुडबुडे प्रथम तळाशीं होतात आणि वरच्या थंड पाण्यांत आले कीं फुटून नाहींसे होतात. या फुटण्याचाच तो सूं-सूं आवाज. सगळें पाणी सारखें तापलें म्हणजे बुडबुडे न फुटतां पृष्ठभागापर्यंत पोंचतात आणि आवाज कर्कश न राहतां भरदार पण मृदु होतो. किटली उकळण्याच्या किंचित् आधीं जास्त गोंगाट करते व नंतर जरा निवते, हें आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. त्याचें कारण हें.

ऐकण्याचा प्रश्न मुद्दाम काढला, कारण पुढच्या तीनशें वर्षांत डोळे निरुपयोगी झाले. सुंग राजवंशाच्या काळीं चहा करण्याची पद्धत पालटली. लू यूचें भांडें उघडें होतें. आतां बारीक मानेच्या सुरईंत पाणी तापवावयाचें, पेल्यांत चहाची बारीक पूड घ्यावयाची आणि वरून पाण्याची धार सोडून ती घुसळावयाची, अशी रीत आली. फेंस ज्याचा अधिक पांढरा व अधिक टिकाऊ, त्याचा चहा सरस, अशा पैजा लागूं लागल्या. इ. स. १०५० च्या सुमारास त्साय श्यांग या अधिकाऱ्यानें बादशहासाठीं चहावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलें. हा गृहस्थ फूच्येन प्रांताचा, मोठा नामांकित सुलेखनकार आणि बादशाही चहाच्या मळ्यांचा प्रत्यक्ष कारभार पाहिलेला. तो स्वच्छ कबूल करतो कीं, या सर्व विद्येंत पाण्याची वेळ साधणें हेंच अत्यंत कठीण. पाणी कच्चें राहिलें तर पूड वर तरंगते, जास्त झालें तर ती तळाशीं बसते. आणि सुरईच्या आंत काय चाललें आहे तें तर दिसत नाहीं.

मला या कबुलीचें फार मोल वाटतें. ज्याच्या हाताखालीं बादशहाचा चहा तयार होई, त्यानें "येथें माझा अंदाज चुकूं शकतो" असें बादशहालाच लिहून कळवावें, ही लहान गोष्ट नव्हे.

मग कान पुढें सरसावले. तेराव्या शतकांत ल्वो ताचिंग नांवाच्या लेखकानें आपल्या टिपणवजा ग्रंथांत एका मित्राचें म्हणणें नमूद केलें आहे. मित्राचें म्हणणें असें कीं, माशाचे डोळे वगैरे लू यूच्या खुणा आतां सुरईंत दिसावयाच्या नाहींत. तेव्हां आवाजावरून ओळखावें. आधीं भिंतींतल्या किड्यांची किरकिर, मग असंख्य रातकिड्यांचा कोलाहल, मग ओझ्यानें लादलेल्या गाड्यांची रांग यावी तसा खडखडाट, आणि शेवटीं देवदारांतून वाहणारा वारा व ओढ्याचें पाणी. हा वाऱ्याचा आवाज आला कीं ओतावें. ल्वो ताचिंग मित्राचें कौतुक करतो, पण पुढें त्याची चूकहि काढतो. त्याच्या मतें इतक्या पाण्यानें कोंवळा चहा कडू होतो. वाऱ्याचा आवाज ऐकूं आला कीं सुरई विस्तवावरून उतरावी, उसळी शांत होईपर्यंत थोडें थांबावें आणि मगच ओतावें. "उकळून, मग निववून" हा जो उपदेश आज हिरव्या चहाच्या प्रत्येक डबीवर अंशांच्या आंकड्यांत छापलेला असतो, तो सातशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एका मनुष्यानें केवळ जिभेच्या साक्षीनें दिलेला आहे.

पुढें १३९१ सालीं मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें दाबून केलेल्या वड्यांचा चहा खंडणींत घेणें बंद करून सुट्या पानांचा चहा मागविला. वड्या करण्याच्या कष्टांतून प्रजेची सुटका व्हावी हा हेतु. पण त्यानें पाण्याचा हिशेबहि बदलला. पूड गेली, पान आलें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चांग युआन या लेखकानें उकळीच्या तीन मोठ्या व पंधरा लहान खुणा सांगितल्या: आकाराच्या, आवाजाच्या आणि वाफेच्या. कोळंबीचे डोळे, खेकड्याचे डोळे, माशाचे डोळे, मोत्यांचे सर, हे सगळे त्याच्या हिशेबीं कच्चे पाणीच. पूड घुसळणाऱ्या पूर्वजांस पाणी कोंवळें लागे. आतां अख्ख्या पानांतून रस उतरावयाचा, तर पाणी पूर्ण पिकलेलें हवें, असें तो सांगतो. पाण्याची योग्य उष्णता पाण्यांत नाहीं, ती पानांत आहे, हें त्यानें ओळखलें होतें.

जपानांत पान अधिक नाजूक होत गेलें. १७३८ सालीं उजी परिसरांतील नागातानी सोएन यानें वाफाळून वळलेल्या पानांचा "सेंचा" पुढें आणला आणि १८३५ च्या सुमारास सावलींत वाढविलेल्या झुडपांचा "ग्योकुरो" आला. या चहांसाठीं तेथें पाणी निववण्याचें एक खास चोंचीचें भांडेंच असतें. उकळतें पाणी आधीं त्यांत ओतावयाचें, मग पेल्यांत, मग चहावर. दर ओतण्यास पाणी पांच ते दहा अंशांनीं उतरतें. आमच्या हिशेबनीसांच्या डबीवरील सत्तर अंश ते हेच. यामागचें रसायन आतां ठाऊक झालें आहे. चहांतील तुरटपणा देणारीं द्रव्यें आणि कडू कॅफीन हीं पाणी जितकें कढत तितकीं अधिक उतरतात; गोडसर चव देणारें थिआनिन मात्र कमी उष्णतेवरहि सुखेनैव उतरतें. हें थिआनिन १९४९ सालीं जपानी संशोधक साकातो यांनीं ओळखलें. चांग युआनला यांतलें कांहींच माहीत नव्हतें, आणि त्याचें अडलेंहि नाहीं.

आतां युरोपाकडे वळूं. येथें चहा कोणाच्या डोळ्यांपुढें नव्हता; प्रश्न होता तो थर्मामीटरवर रेघा कोठें मारावयाच्या हा. नळींत पारा चढतो-उतरतो हें ठीक, पण एकाच्या नळीवरचे अंश दुसऱ्याच्या नळीशीं जुळावयाचे तर निसर्गांतल्या कांहीं ठाम खुणा हव्यात. बर्फ वितळण्याची एक खूण मिळाली. दुसरी, पाणी उकळण्याची. पण ही दुसरी खूण खरोखर ठाम आहे काय?

१७०१ सालीं न्यूटननें निनांवी प्रसिद्ध केलेल्या उष्णतेच्या कोष्टकांत पाणी उकळूं लागतें तेव्हांचा अंश तेहतीस व जोरानें उकळतें तेव्हांचा चौतीस, असे दोन निरनिराळे आंकडे आहेत. लंडनचा अठराव्या शतकांतील प्रसिद्ध यंत्रकार जॉर्ज ॲडम्स याच्या एका थर्मामीटरवर फॅरनहाइटचे २०४ अंश म्हणजे पाणी उकळूं लागलें आणि २१२ म्हणजे खळखळां उकळलें, अशा दोन खुणा कोरलेल्या आहेत. श्रोतेहो, यांत आणि माशाचे डोळे व उसळत्या लाटा यांत फरक तो काय? न्यूटनसारख्या मनुष्यासहि उकळीच्या पायऱ्या मानाव्या लागल्या.

जिनीव्हाचा द ल्यूक हा तर या पायऱ्यांच्या मागें हात धुऊनच लागला. पाण्यांत विरघळलेली हवा उकळीला मदत करते असा त्याला संशय होता. म्हणून ती पूर्ण काढून टाकण्यासाठीं त्यानें पाण्याची बाटली हातांत धरून हलविण्यास आरंभ केला. हें हलविणें चार आठवडे चाललें. जेवतांना, वाचतांना, मित्रांशीं बोलतांना, फिरावयास जातांना बाटली हातांत आणि हात चालूच. झोंपेपुरती काय ती विश्रांति. शेजाऱ्यांस काय वाटलें असेल कोण जाणे! पण फळ विलक्षण मिळालें. हें निर्वात पाणी ११२ अंशांपर्यंत तापलें तरी उकळलें नाहीं, आणि उकळलें तें एकदम स्फोटासारखें. आजहि मायक्रोवेव्ह भट्टींत गुळगुळीत पेल्यांत तापविलेलें पाणी कधीं कधीं असेंच शांत बसतें आणि चहाची पूड पडतांच अंगावर उसळतें. तेव्हां सावध असावें.

दुसरी अडचण हवेच्या दाबाची. फॅरनहाइट यानें १७१४ सालीं भरंवशाचा पाऱ्याचा थर्मामीटर बनविला आणि १७२४ पर्यंत त्याच्या लक्षांत येऊन चुकलें होतें कीं, हवेचा दाब बदलला म्हणजे पाणी उकळण्याचा अंशहि बदलतो. स्वीडनच्या सेल्सियसनें १७४२ सालीं आपली शंभर अंशांची मोजपट्टी सांगतांना वायुभारमापकाचा आंकडाहि धरला. (त्याची मोजपट्टी मूळची उलटी होती: उकळणें शून्यावर, गोठणें शंभरावर. ती पुढें सुलटी करण्यांत आली, नाहींतर चहा करतांना आपण उष्णता कमी होण्याची वाट पाहत बसलों असतों.) १७७६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें हेन्री कॅव्हेंडिश याच्या अध्यक्षतेखालीं सात जणांची समिति नेमली; तींत द ल्यूकहि होता. उत्तमोत्तम कारागिरांच्या थर्मामीटरांतहि उत्कलनबिंदु दोन-तीन फॅरनहाइट अंशांनीं वेगळे पडतात, असें समितीस आढळलें. तिनें सुचविलेला तोडगा मोठा चतुर आहे. थर्मामीटर उकळत्या पाण्यांत बुडवूंच नका, झांकलेल्या भांड्यांतील वाफेंत धरा. आणि वायुभारमापक २९.८ इंच दाखवीत असेल तेव्हां खूण करा. पाणी लहरी, वाफ मात्र वचनाला पक्की. त्साय श्यांगची सुरई बंद असल्यानें त्याची अडचण झाली होती. कॅव्हेंडिशनें भांडें बंद करूनच अडचण सोडविली.

दाब घटला कीं उत्कलनबिंदु घटतो, हें एकदां नक्की झाल्यावर त्याच नियमाचा उलटा उपयोग करण्याचें लोकांस सुचलें. डोंगरावर चढावें तसतसा हवेचा दाब कमी होतो. तेव्हां पाणी किती अंशांवर उकळलें तें पाहून आपण किती उंच आहों तें सांगतां यावें. ढोबळ मानानें दर एक हजार फुटांस सेल्सियसचा एक अंश उतरतो. हा नियम ठाऊक नसला म्हणजे काय होतें त्याची एक मौज डार्विननें लिहिलेली आहे. १८३५ च्या मार्चमध्यें तो अँडीज पर्वत ओलांडीत असतां एका रात्रीं बटाटे शिजत टाकले. रात्रभर व पुन्हां सकाळीं उकळूनहि ते टणक ते टणकच. कारण डार्विनला ठाऊक होतें. पण त्याच्या सोबत्यांनीं आपसांत निर्णय दिला कीं, हें नवें भांडेंच मेलें कुलक्षणी, त्याला बटाटे शिजवावयाचे नाहींत!

अँडीजपासून आपल्या हिमालयाकडे यावयाचें तें एका भारतीय मनुष्यासाठीं. उत्कलनबिंदूच्या या विद्येवर त्याचा जीव अवलंबून होता. कुमाऊंतील मिलम गांवचा नैनसिंग रावत हा एक शाळामास्तर. तिबेटांत परक्यांस बंदी होती आणि हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यास तर तेथील नकाशा हवा होता. माँटगोमेरी या अधिकाऱ्याच्या योजनेप्रमाणें नैनसिंगास १८६३ पासून डेहराडून येथें शिकवून तयार करण्यांत आलें. पाऊल नेहमीं सारख्या मापाचें पडावें असा सराव. दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळेंत एकशेंआठ ऐवजीं शंभरच मणी, दर शंभर पावलांस एक मणी पुढें, म्हणजे माळ पुरी झाली कीं पांच मैल झाले. प्रार्थनाचक्रांत मंत्रांऐवजीं टिपणाचे कागद. कवड्यांत भरलेला पारा. रात्रीं लांकडी वाडग्यांत ओतला कीं ताऱ्यांची उंची मोजण्यास क्षितिजाचा आरसा तयार. आणि यात्रेकरूच्या पोकळ काठींत दडविलेला थर्मामीटर.

हा थर्मामीटर उकळत्या पाण्यांत घालून नैनसिंग जागोजागीं आंकडा टिपून घेई. यात्रेकरूनें विस्तव पेटवून पाणी उकळत ठेवण्यांत संशय घेण्याजोगें कांहींच नाहीं. पण त्या पाण्यांत तो कांचेची नळी बुडवून बसलेला कोणी पाहिला असता तर? आणि घाई करावी तर तेंहि परवडणारें नव्हतें. कारण अर्ध्या अंशाची चूक म्हणजे उंचींत पांचशें फुटांची चूक. पाणी नुसतें किरकिरत असतांना आंकडा घेतला तर डोंगर होता त्याहून उंच होऊन बसणार. पूर्ण उसळी येईपर्यंत थांबलें पाहिजे, मग दाराबाहेर कोणाचीं पावलें वाजोत. पाणी कच्चें कीं पिकलें, हा त्साय श्यांगचा प्रश्न येथें फेंसाच्या पैजेसाठीं नव्हता. जानेवारी १८६६ मध्यें तो ल्हासास पोंचला आणि त्याच वर्षीं सुमारें बाराशें मैलांचें मोजमाप घेऊन सुखरूप परतला. ल्हासाचें स्थान आणि उंची त्याच्या मोजमापांवरून प्रथमच भरंवशानें सांगतां आली. १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्याला सुवर्णपदक दिलें.

ल्हासाची उंची बारा हजार फुटांच्या आसपास आहे. तेथें पाणी सुमारें ८८ अंशांवर उकळतें आणि कितीहि जाळ केला तरी त्यापुढें जात नाहीं. तिबेटी लोक विटेसारखा दाबलेला चहा पुष्कळ वेळ उकळतात आणि मग त्यांत लोणी व मीठ घालून घुसळतात. थंड प्रदेशाची गरज म्हणून ही रीत आली असेल. पण जेथें उकळतें पाणीच निवलेलें असतें तेथें पान नुसतें भिजत घालून भागावयाचें नाहीं, हेंहि उघड आहे.

इंग्रजांचें सारें लक्ष मात्र "उकळतें पाणी" या दोन शब्दांवर. १८३४ सालीं लॉर्ड बेंटिंकच्या समितीनें हिंदुस्थानांत चहाची लागवड करण्याचें मनावर घेतलें, १८३९ च्या जानेवारींत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनांत झाला, आणि या दणकट काळ्या चहास शंभराच्या जितकें जवळ जाववेल तितकें बरें, हें मत पक्कें झालें. आपल्या बिहारांतील मोतीहारीस जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनें १९४६ सालीं चहाचे अकरा नियम लिहिले. त्यांत चहादाणी किटलीपाशीं न्यावी, किटली चहादाणीपाशीं आणूं नये, असा एक आहे. तेवढ्या चार पावलांत पाणी निवतें! १९८० सालीं ब्रिटिश प्रमाण संस्थेनें चव घेण्यासाठीं चहा कसा करावा याचें सहा पानी प्रमाणपत्रक काढलें: शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम पान, पाणी नुकतें उकळलेलें, मुदत सहा मिनिटें. त्याबद्दल १९९९ सालीं संस्थेस साहित्याचें गमतीचें "इग्नोबेल" पारितोषिक मिळालें. हंसणारे हंसोत, निरनिराळ्या मळ्यांचे चहा एकमेकांशीं ताडून पाहावयाचे तर कांहींतरी एक रीत ठरवावीच लागते. आपण मराठी लोकांनीं तर पाणी, पूड, साखर आणि दूध एकत्र उकळून हा सगळा वादच मिटवून टाकला. ज्याला उतूं जाण्यापर्यंत नेतात त्याच्या अंशांची चौकशी कोण करणार?

आतां हिशेबनीसांचे अठ्ठ्याण्णव अंश. पुणें समुद्रसपाटीपासून साडेअठराशें फुटांच्या आसपास उंच. दर हजार फुटांस एक अंश धरला म्हणजे दोन अंश गेले. दोन्ही यंत्रें खरें बोलत होतीं आणि मातोश्रीहि खरें बोलत होत्या. घरचा थर्मामीटर तपासावयाचा असेल तर हीच रीत आहे: एकदां बर्फाच्या पाण्यांत, तेथें शून्य दिसलें पाहिजे, एकदां उकळत्या पाण्यांत, तेथें आपल्या गांवच्या उंचीचा आंकडा दिसला पाहिजे. सळईचें टोंक भांड्याच्या तळाला टेंकूं देऊं नये, कारण तळ पाण्याहून अधिक तापलेला असतो.

हा खुलासा ऐकून स्नेह्यांचें समाधान झालें, पण आंकड्यांचा नाद सुटला नाहीं. गेल्या हिवाळ्यांत ते मातोश्रींसह महाबळेश्वरास गेले तेव्हां थर्मामीटर बरोबर होता. तेथून त्यांचें मला पत्र आलें. पाणी साडेपंचाण्णव अंशांवर उकळलें. साडेचार अंश गेले म्हणून गांव साडेचार हजार फुटांवर. आणि नकाशांतला आंकडा त्याहून अवघा साठ फुटांनीं कमी, असा सगळा हिशेब त्यांत मांडलेला होता. पत्राच्या तळाशीं त्यांनीं आणखी एक ओळ लिहिली होती. आई म्हणते, इकडे आधण लवकर येतं, पण चहाला आपल्या घरच्यासारखा रंग चढत नाहीं. मी तिला उंचीचें अजून कांहींच सांगितलेलें नाहीं.